आशाचा पाय

आशाच्या मापाची बायकांची चप्पल नाशकात मिळत नाही. मेन रोडची दुकानं आम्ही दोघींनी कितीदा तरी पालथी घातली आहेत, पण शेवटी ती पुरुषांच्या कप्प्यातली काळी, जाड पट्ट्याची जोडीच घेऊन बाहेर पडते. आशा माझी धाकटी जाऊ. तिचा मनोज आणि आमचे हे सख्खे भाऊ, आणि पंचवटीत एका भिंतीला लागून आमची दोन घरं. लग्नाच्या दिवशी उंबऱ्यावरचं माप तिने असं ओलांडलं होतं की तांदूळ थेट देवघरापर्यंत गेले. तेव्हापासून मी तिला त्या पायावरून चिडवत आले. ती नुसती हसायची.

पण त्या पायाला पंचवटीत जो मान आहे तो माझ्या डोक्यालाही नाही. आशा पायाळू. म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी पायांकडून बाहेर आलेली. अशा माणसाचा पाय पाठीला लागला की भरलेली उसण निघून जाते, असं आपल्याकडे मानतात. मी बालवाडीत शिकवण्यात जन्म काढला, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. एकदा गव्हाची कोठी सरकवताना माझ्याच पाठीत उसण भरली तेव्हा मी तिच्या ओटीवर पालथी पडले होते, ती गोष्ट वेगळी. त्या दिवशी इलाज नव्हता. आणि गुण आला, हेही सांगून टाकते, नाहीतर पुढचं खोटं वाटेल.

लोक सकाळी यायचे, तिचा चहा व्हायच्या आत. आलेला माणूस ओटीवर पालथा पडायचा. आशा डावा पाय उंबऱ्याशी रोवायची, एका हाताने दाराची चौकट धरायची आणि उजवा पाय त्याच्या पाठीवर टेकवून तिरका दाबायची. मग एक हलकासा झटका. चौकटीला तिचा हात लागून लागून तिथला लाकडाचा रंगच बदलला होता. भाजीबाजारातले हमाल यायचे, पूजा सांगणारे गुरुजी यायचे, रिक्षावाले तर विचारूच नका. सिंहस्थ जवळ आला म्हणून रस्ते खणायला घेतले तशी गर्दी वाढली. खड्डे महापालिकेचे आणि पाय आमच्या आशाचा, असं मी म्हणायचे. पैसे ती घेत नसे. कुणी नारळ ठेवायचा, कुणी मेथीची जुडी. पैसे घेतले तर पायातला गुण जातो आणि दारात आलेल्याला परत पाठवलं तर त्याची उसण आपल्या घरात मुक्काम करते, असं तिच्या माहेरी मानतात. माहेर पेठकडचं, डोंगरातलं. तिकडून आणलेल्या गोष्टी ती सोडत नाही.

आणि या आशाचीच पाठ दुखायला लागली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

तिचा धंदा वातींचा. कापसाचा ढीग पुढ्यात घेऊन मांडी घालून बसायचं आणि फुलवाती वळायच्या. रामकुंडाजवळचे दुकानदार घेऊन जातात. तास न् तास ती हलायची नाही. आता तिला बसवेना. मांडी घातली की तोंड वाकडं व्हायचं, उभी राहिली की भिंत धरायची. जागा मला तिने बोटाने दाखवली. कमरेच्या जरा वर, मणक्याच्या उजव्या अंगाला, लहान मुलाची टाच बसेल एवढी.

"ताई, नुसतं दुखत नाही," ती म्हणाली. "तिथे कुणीतरी उभं आहे."

मी तिला रागावले. हाडाचं दुखणं हाडाचं म्हणून सांगावं, त्याला हातपाय फोडू नयेत, असं म्हणाले. पण खरं सांगायचं तर माझ्या अंगावर काटा आला, कारण आशाची एक सवय मला लग्नापासून खटकत आली होती. ती कधी जागेच्या मधोमध बसत नाही. रिक्षात बसली तरी कडेला सरकून, बाजूला एका माणसाची जागा सोडून. झोपायची तीही खाटेच्या अगदी काठावर, पाठीमागे हातभर जागा रिकामी. मनोजभावजी रात्रपाळीला असले तरी तसंच. "कुणासाठी जागा धरून बसतेस गं?" मी विचारायचे. तिला उत्तर ठाऊक नसायचं. रस्त्याने चालताना मध्येच वळून बघायची. मी मागे बघायचे तर कुणी नसायचं.

तिची आई साळूबाई. नवरा गेल्यावर गावचं घर बंद करून लेकीकडे राहायला आलेली म्हातारी. कमरेत वाकलेली, बोलायला कमी. तिची पाठ तर आशाच्या वेळच्या बाळंतपणापासून धरलेली होती, असं तीच म्हणायची. पण या म्हातारीने लेकीचा पाय आपल्या पाठीला एकदाही लावून घेतला नाही. अख्खी पंचवटी दारात रांग लावते आणि हिला घरातल्या घरात औषध नको. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "लेकीचा पाय आईला लावत्यात का, बाई?" ते मला पटलं. आपण चुकून कुणाला पाय लागला तरी हात लावून नमस्कार करतो.

म्हातारीचं आणखी एक होतं. आशाच्या वाढदिवसाला ती लेकीला ओवाळायची आणि मग तोच दिवा एकदा उंबऱ्याकडे वळवून रिकाम्या जागेला ओवाळायची. डोंगराकडची रीत असेल, असं आम्ही समजत होतो.

पाठ दुखायला लागल्यावर जे घरोघरी होतं ते सगळं आमच्याकडे झालं. तेलं झाली, विटेचा शेक झाला, कमरेचा पट्टा आणला, गल्लीतल्या डॉक्टरांच्या गोळ्या झाल्या. गोळ्यांनी पित्त झालं, पाठ होती तशीच. आशाचा मुलगा रविराज पुण्याहून फोनवर म्हणायचा की आई, स्पेशालिस्ट दाखव. मीही तेच सांगत होते. पण पालथ्या घड्यावर पाणी. आशाच्या डोक्यात एकच बसलं होतं, की पायाळू माणसाला स्वतःचा पाय स्वतःच्या पाठीला लावता येत नाही, म्हणून दुसरा पायाळू शोधायचा.

तो शोधलाही. सटाण्याला बारकूबाबा म्हणून एक म्हातारे होते. एसटीने गेलो, येताना कांद्याच्या ट्रॅक्टरांमागे अडकून संध्याकाळ झाली, पण ते जाऊ द्या. बारकूबाबांनी आशाला घोंगडीवर पालथं पाडलं, पाय टेकवला आणि इस्त्रीला हात लागल्यासारखा झटकन काढून घेतला.

"आठे पहिलेच कोनाना तरी पाय शे," ते म्हणाले. इथे आधीच कुणाचा तरी पाय आहे. मग ते घरात गेले आणि बाहेर आलेच नाहीत. त्यांच्या सुनेने आम्हाला चहा दिला.

परतीच्या वाटेवर आशा खिडकीबाहेर बघत बसली. मी मात्र बोलत होते. या लोकांना समोरच्याचा चेहरा बघून काहीबाही सांगायची सवय असते, म्हातारा चळला आहे, असं काय काय. बोलायची थांबले की मला ते वाक्य ऐकू यायचं. एसटीत तिच्या शेजारी मी बसले होते, तरी आमच्या दोघींच्या मध्ये तिने जागा सोडली होती.

त्यानंतर तिच्या उजव्या पायाला मुंग्या यायला लागल्या. चालताना चप्पल निसटायची आणि तिला कळायचंही नाही. तेव्हा मात्र मी तिचं काही ऐकलं नाही. मुंबई नाक्याकडे मणक्याच्या दुखण्याच्या एक तज्ज्ञ डॉक्टर बसतात, डॉक्टर अदिबा. तिशी-पस्तिशीची मुलगी, पण नाव झालेलं. नंबर लावला, त्यांनी सांगितल्याप्रमाणे आधी एमआरआय काढून घेतला आणि आमच्या गल्लीतल्या हबीबभाईंच्या रिक्षाने निघालो. हबीबभाई आमचे नेहमीचे, आणि आशाचेही नेहमीचे. खणलेल्या रस्त्यांनी त्यांच्या पाठीची चाळण केली होती. तिथे पोहोचून मीटर बंद करायला वाकले ते वाकलेलेच राहिले.

आम्ही आत बाकावर बसलो होतो. हबीबभाई भिंत धरत धरत आत आले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, भाभी, एकदाच. मी म्हटलं, अहो, हा मणक्याचा दवाखाना आहे, इथे चाळीस माणसं तेवढ्यासाठीच बसली आहेत, नंबर लावा. पण आशा उठली होती. चहाआधीचा नियमही तिने मोडला. पाण्याच्या मशीनशेजारी हबीबभाई पालथे झाले, तिने भिंतीला हात लावला आणि उजवा पाय उचलला. सगळा हॉल माना वळवून बघत होता. एकदोन जण उठून जवळ आले. त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की पुढचा नंबर आपला लावायचा त्यांचा विचार आहे.

आणि तेवढ्यात डॉक्टर केबिनचं दार उघडून बाहेर आल्या.

मला वाटलं आता हाकलून देतात. पण त्या नुसत्या उभ्या राहून आशाकडे बघत राहिल्या. तिच्या पायाकडे नाही, तिच्या कमरेकडे. हबीबभाई उठून, पाठ ताठ करून, खाली मान घालून निघून गेल्यावर त्यांनी आशाला आत बोलावलं. पहिला प्रश्न विचारला की हे किती वर्षं करता.

"कळायला लागल्यापासून," आशा म्हणाली.

डॉक्टरांनी तिला झोपवलं. पायाचा अंगठा वर उचलायला सांगून त्यावर आपलं एक बोट ठेवलं. डावा अंगठा त्या बोटाला हटेना. उजव्याला त्यांनी नुसता स्पर्श केला तसा तो खाली गेला. आशाने पुन्हा उचलला, पुन्हा गेला.  एवढा मोठा पाय, आणि त्याच्या अंगठ्यात एका बोटाला विरोध करायची ताकद नव्हती.

मग त्यांनी एमआरआयची फिल्म उजेडात धरून समजावलं. दोन मणक्यांमधली गादी सरकली आहे आणि पायाकडे जाणारी नस तिथे दबते आहे. वर्षानुवर्षं एका पायावर उभं राहून, कंबर वाकडी करून जोर लावायचा आणि उरलेला वेळ मांडी घालून बसायचं, त्यात पाठीची वाट लागली आहे.

"ज्या पायाने तुम्ही लोकांना बरं करता, त्याच पायाची नस आहे ही," डॉक्टर म्हणाल्या. "थांबला नाहीत तर पाऊल लोंबकळायला लागेल. मग ऑपरेशन करूनही ते परत येईल, असं वचन मी देणार नाही."

इंजेक्शन देता येईल, व्यायाम शिकवता येतील, वाती टेबलावर वळता येतील. पण लोकांना नाही म्हणायचं काम तुमचं तुम्हालाच करावं लागेल, असं त्यांनी सांगितलं. आशाने मान हलवली. तिची ती मान मला चांगली माहीत आहे. तिचा अर्थ हो असा होत नाही.

इंजेक्शन मणक्याच्या शेजारी दिलं. त्या रात्री ती झोपली, कितीतरी महिन्यांनी. सकाळी उठून म्हणाली, ताई, अंग हलकं झालं. मनोजभावजींनी तिला टेबल-खुर्ची आणून दिली. मी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात 'येथे उसण काढली जात नाही' असं लिहून दारावर लावलं. अक्षर माझं बालवाडीचं, लांबूनही वाचता येईल असं. त्याचा परिणाम एवढाच झाला, की ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांनाही कळलं, इथे उसण काढतात म्हणून. मी दारातच त्यांना अडवायचे. आशा आत बसून ऐकायची, आणि एकेक माणूस परत गेला की तिचा चेहरा उतरायचा.

"ताई, असं परत पाठवू नये. ती चिडते."

"कोण ती?"

आशा माझ्याकडे बघत राहिली. "मला काय माहीत," म्हणाली. आपल्याच तोंडून काय निघालं हे तिलाही आत्ताच ऐकू आलं होतं.

एका सकाळी मी मागच्या नळावर होते. हबीबभाई आले, पार वाकलेले, गुडघ्यावर हात टेकून. दवाखान्यात झालेलं सगळं त्यांना ठाऊक होतं, म्हणून ते मागत नव्हते, नुसते दारात उभे होते. तेवढ्याने झालं. मी बादली टाकून धावले तोवर आशाचा हात चौकटीवर गेला होता. हबीबभाई सरळ झाले आणि आशा खाली गेली. तिथेच, उंबऱ्यावर. हबीबभाईंनीच तिला उचलून आत आणलं. मोठा माणूस, रडत होता.

उजवं पाऊल तिला वर करता येत नव्हतं. डॉक्टरांनी पुन्हा तपासलं. याही वेळी आवाज चढला नाही, पण त्यांच्या बोलण्यात लाडीगोडी नव्हती. सहा आठवडे बघू, म्हणाल्या. औषधं, व्यायाम, पाऊल सरळ धरून ठेवणारा पट्टा. तेवढ्यात अंगठा हलला तर ठीक, नाहीतर ऑपरेशन. आणि मध्ये पुन्हा एकदा जरी कुणाच्या पाठीवर तो पाय उचलला, तर पुढचं मी सांगायची गरज नाही.

घरी आल्यावर मी तिला शपथ घालायला निघाले. तिने माझा हात धरला. "ताई, शपथ घालू नकोस," म्हणाली. "दारात कुणी आलं की मी उचलत नाही तो पाय. तो उचलला जातो." ती घाबरलेली होती. पाठ दुखते म्हणून नाही, स्वतःच्याच पायाला घाबरलेली होती. ऑपरेशन झालं तरी ही पुन्हा उंबऱ्यावर उभी राहणार, हे मला तेव्हा कळलं आणि मी खरंच हात टेकले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्यासाठी मऊ भात घेऊन गेले. आशा खाटेच्या काठावर पडली होती, नेहमीसारखी पाठीमागे जागा सोडून. म्हातारी खाली बसून लेकीच्या वाटच्या वाती वळत होती. मी ताट ठेवलं. म्हातारीने हातातला कापूस खाली ठेवला आणि आमच्यापैकी कुणाकडे न बघता बोलायला लागली.

"आशे, तू पायाळू नाय."

मला वाटलं लेकीला आवरण्यासाठी म्हातारीने काढलेली ही युक्ती आहे. मनातल्या मनात मी तिला शाबासकीही दिली. पण ती थांबली नाही.

"पायाळू ती व्हती. तू डोक्याकडनं आलीस."

मग ते सगळं बाहेर आलं. मधूनमधून ती थांबायची, कापसाची सरकी काढावी तसं बोटांनी काहीतरी काढत राहायची, पुन्हा बोलायची. पोटात दोघी होत्या. ते कुणालाच ठाऊक नव्हतं, सुईणीलाही नाही. आधी पाय दिसले तसं सुईण ओरडली, पायाळू हाय. बाहेर अंगणात बाया बसल्या होत्या, त्यांनी ऐकलं. सासूने तिथल्या तिथे गूळ वाटला. पाय आले, अंग आलं आणि मान अडकली. मागून येणारीचं डोकं पुढचीच्या हनुवटीखाली अडकलं होतं. सुईणीने खूप केलं. मोकळी झाली तेव्हा पहिली गेलेली होती. तिच्यामागून दुसरी आली, ती मोठ्याने रडत.

"बाहेरच्यांनी एकीचं रडणं ऐकलं," म्हातारी म्हणाली. "तुझ्या बानं तिला फडक्यात घेतलं आन् मागच्या दारानं नागलीच्या शेताकडं गेला. बांधाला ठेवली. सुईणीला म्या हात जोडले, म्हटलं, एकच झाली म्हणून सांग. पायाळू झाली म्हणून सांग."

"का पण, मावशी?" मी विचारलं. 

"का म्हंजी? भणीला खाऊन आली म्हणले असते हिला. जलमभर पांढऱ्या पायाची म्हणले असते. त्यापरीस पायाळू म्हणलेलं बरं." म्हातारीने पहिल्यांदा लेकीकडे पाहिलं. "आन् तिचं बी कायतरी राहावं म्हटलं. तेवढा पाय राहिला."

घरात पंखा फिरत होता, त्याच्या वाऱ्याने कापसाचे पुंजके खाली इकडेतिकडे सरकत होते. मी ते गोळा करायला वाकले, कारण दुसरं काय करावं सुचत नव्हतं. आशाने हळूच हात मागे नेला आणि आपल्या पाठीमागच्या रिकाम्या जागेवर ठेवला. चादर चाचपल्यासारखा. किती वेळ तो हात तिथेच होता.

"म्हणजे माझ्या डोक्याने तिचा गळा," ती म्हणाली आणि थांबली.

"पोटात कुणाला डोळं असत्यात का?" म्हातारी म्हणाली. "तू काय केलंस? म्या केलं. म्या लोकास्नी खोटं सांगितलं आन् तू जलमभर येका पायावर उभी राह्यलीस."

नाव काय ठेवलं होतं तिचं, असं आशाने विचारलं. बारशापर्यंत राहिली असती तर ठेवलं असतं, असं म्हातारी म्हणाली. मग आशाने ते विचारलं जे माझ्याही मनात होतं. लोकांची उसण कशी जायची? हबीबभाई सरळ कसे व्हायचे? म्हातारीने खांदे उडवले. तिला काय ठावं. तिला एवढंच ठावं होतं, की आपल्या पाठीला तो पाय लावून घ्यायची तिची कधी छाती झाली नाही. लेकीचा पाय म्हणून नव्हे. तो कुणाचा आहे ते ठाऊक होतं म्हणून.

त्या दिवसापासून आशाने पाय उचलला नाही. कान सोनारानेच टोचावेत, आम्ही एवढे दिवस उगाच हातोडे मारत होतो. दारात कुणी आलं तर ती खुर्चीवरूनच सांगायची, मी पायाळू नाही. लोकांना तो तिचा विनय वाटायचा. काहींना राग आला, मोठ्या डॉक्टरकडे गेली आणि शहाणी झाली म्हणाले. हबीबभाईंना तिने खरं काय ते सांगितलं. ऐकल्यावर ते दोन्ही हात वर करून मनातल्या मनात काहीतरी म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच डॉक्टर अदिबांकडे नंबर लावून आले.

सहा आठवडे व्हायच्या आधीच अंगठा हलला. डॉक्टरांनी बोट ठेवलं, अंगठा जरा थरथरला आणि तसाच उभा राहिला. डॉक्टर हसल्या. त्या इतक्या छान हसतात हे मला तेव्हा कळलं. ऑपरेशन टळलं. दुखणं उतरत गेलं. आशा आता वाती वळते, मध्ये उठून चालून येते, सकाळी व्यायाम करते. पण ती पायाळू कशी नव्हती, हे तिने डॉक्टरांना सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही.

एकदा मी तिची पाठ चोळत होते. "सगळं गेलं का गं?" म्हटलं. तिने हात मागे नेऊन तीच जागा दाखवली, टाचेएवढी.

"बाकी सगळं गेलं, ताई. ती तेवढी आहे."

डॉक्टरांना सांगू या, असं मी म्हटलं. थोडं उरणारच, असं त्या म्हणाल्याच होत्या. आशा म्हणाली, नको, राहू दे. रात्री ती अजूनही काठावरच झोपते, असं मनोजभावजींनी मला सांगितलं. फक्त आता झोपण्याआधी मागच्या जागेवर पांघरुणाचं टोक नीट पसरते. त्यांनी कारण विचारलं नाही. 

मग तिचा वाढदिवस आला. म्हातारीने ओवाळलं. तबकात आशानेच वळलेली फुलवात होती. म्हातारीने दिवा उंबऱ्याकडे वळवला तेव्हा या वेळी आशानेही तिकडे तोंड केलं आणि हात जोडले. मी मात्र तिकडे बघितलं नाही. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, पण बघायची हिंमतही झाली नाही.

तबक खाली ठेवून म्हातारी ओटीवर गेली. पदर खोचला, फरशीवर हात टेकले आणि हळूहळू, एकेक हाड जपत, पालथी पडली.

"आशे, पाय लाव माझ्या पाठीला."

आशाने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "आई, मी पायाळू नाही. तूच सांगितलंस ना."

"तुझा कुठं मागत्ये मी?" म्हातारी म्हणाली.

डॉक्टरांनी बजावलेलं सगळं मला पाठ होतं. मी खुर्ची ओढत नेली आणि आशाला तिच्यावर बसवलं. ती चौकट धरू लागली तर मी तिचा हात काढून माझ्या हातात घेतला. तिने पायातला पट्टा सोडला आणि तो मोठा, भेगाळलेला पाय म्हातारीच्या पाठीवर नुसता ठेवला. दाबला नाही, झटका दिला नाही. अख्खी कंबर त्या पावलाखाली झाकून गेली.

म्हातारीचे डोळे मिटलेले होते. बराच वेळ ती तशीच पडून होती. आशाचा हात माझ्या हातात गार पडत गेला.

"लय हलका हाय गं," म्हातारी म्हणाली. "लहानच हाय अजून."